क्रिकेटवाल्यांनी जपानी हायस्कूल बेसबॉलचा ॲनिमे कसा पाहावा

पहिला भाग लावला. मुलं घामाने निथळत धावताहेत, प्रशिक्षक काळा गॉगल घालून ओरडतोय, एक बॉल टाकायला चार मिनिटं लागताहेत आणि सामना संपल्यावर अख्खा संघ हमसून हमसून रडतोय. हे काय चाललंय ते कळेना, म्हणून तिसऱ्या भागाला मालिका बंद. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. याचं कारण असं की या मालिका ज्या प्रेक्षकासाठी बनतात त्याला दोन गोष्टी आधीच ठाऊक असतात: शाळेचं वर्ष कसं चालतं आणि मैदानावरचा धावफलक कसा वाचायचा. त्या कोणी समजावून सांगत नाही. या दोन गोष्टी शिकायला अर्धा तास पुरतो, बेसबॉलचं सगळं नियमपुस्तक पाठ करावं लागत नाही.

आधी कॅलेंडर

जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि हायस्कूल तीन वर्षांचं असतं. सगळ्या मालिकांचं टोक म्हणजे ऑगस्टमधली राष्ट्रीय स्पर्धा. ती ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरात कोशिएन मैदानावर होते, म्हणून स्पर्धेलाही नुसतं 'कोशिएन'च म्हणतात. स्पर्धा 1915 पासूनची, मैदान 1924 मधलं. एका मुलाच्या वाट्याला असे उन्हाळे फक्त तीन.

स्पर्धेची रचना एकदा डोक्यात बसवून घ्या, कारण कथेचं सगळं वजन तिच्यावर आहे. देशात 47 प्रांत आहेत. तोक्यो आणि होक्काइदो यांना दोन-दोन जागा मिळतात, बाकीच्यांना एकेक, म्हणून कोशिएनला 49 संघ पोचतात. त्याआधी जून ते जुलैअखेर प्रांतपातळीवर सुमारे साडेतीन हजार संघ खेळतात. साखळी सामने नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बाद पद्धत. एकदा हरलात की संपलं. म्हणजे देशभरात एक संघ सोडला तर प्रत्येकाचा उन्हाळा पराभवानेच संपतो. आणि त्या पराभवाच्या दिवशी तिसऱ्या वर्षाची मुलं संघातून निवृत्त होतात, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासमोर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा नोकरी. ते रडणं अतिरंजित वाटत असेल तर हे गणित आठवावं.

उन्हाळ्यानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा नवा संघ उभा राहतो आणि लगेच शरद ऋतूतली स्पर्धा येते. तिच्यातल्या कामगिरीवरून मार्चअखेरच्या वसंत स्पर्धेची निमंत्रणं मिळतात, ती साधारण 32 संघांना. मधल्या काळात, डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, बाहेरच्या संघाशी सामना खेळायला बंदी असते. मालिकांमध्ये हिवाळा आला की नुसतं धावणं, वजनं उचलणं आणि वाडगेच्या वाडगे भात रिचवणं का दाखवतात, त्याचं कारण हे. या भागांना कंटाळून ते पुढे ढकलू नका. कोणाचा बॉल बदलला, कोणाच्या खांद्याला त्रास सुरू झाला, याची पेरणी तिथेच होते.

आता कागद घ्या. मालिकेतल्या मुख्य पात्रांसमोर त्यांची इयत्ता लिहा: पहिलं, दुसरं की तिसरं वर्ष. प्रत्येक सामन्याच्या आधी महिना कोणता ते बघा. जुलै असेल तर दोन्ही संघांतली तिसऱ्या वर्षाची मुलं मोजा. समोरच्या संघाचीसुद्धा, कारण चांगल्या मालिका प्रतिस्पर्ध्याला खलनायक करत नाहीत, त्याचाही हा शेवटचा उन्हाळा असतो.

फलकावरचे तीन दिवे

फलकावर बी, एस आणि ओ अशा तीन ओळी दिसतील: बॉल, स्ट्राइक, आउट. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर जातो (बेस म्हणजे धाव पुरी करताना गाठायचे थांबे). तिघे बाद झाले की बाजू बदलते, दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग, आणि असं नऊ इनिंग चालतं. फलंदाज जिच्या शेजारी उभा राहतो ती प्लेट 43 सेंटिमीटर रुंद असते. तिच्या वरून आणि फलंदाजाचे खांदे व कंबर यांच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेलेला बॉल स्ट्राइक. बाहेरचा, न मारलेला बॉल म्हणजे 'बॉल'. फाउल, म्हणजे मैदानाच्या रेषांबाहेर, गेलेला फटकाही स्ट्राइक धरतात, पण तिसरा स्ट्राइक फाउलने होत नाही. त्यामुळे चिवट फलंदाज दोन स्ट्राइकनंतर एकामागून एक फाउल मारून पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) दम काढतो. अपवाद बंटचा, म्हणजे बॅट आडवी धरून बॉल नुसता समोर पाडण्याचा: दोन स्ट्राइक असताना केलेला बंट फाउल गेला तर फलंदाज बाद.

सगळा थरार या आकड्यांत आहे. दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल असेल तर पिचर राजा. तो मुद्दाम बाहेर टाकेल, फलंदाजाला मोहात पाडेल. तीन बॉल आणि एक स्ट्राइक असेल तर फलंदाज राजा: पिचरला आता पट्ट्यात टाकावंच लागणार, बहुतेक सरळ वेगवान बॉल येणार, आणि फलंदाज त्याचीच वाट बघत उभा असतो. तीन-दोन म्हणजे फुल काउंट. दोघे बाद असताना तीन-दोन झालं आणि पहिल्या बेसवर रनर (आधी बेसवर पोचलेला फलंदाज) असेल तर तो पिचरच्या हातून बॉल सुटताच पळत सुटतो, कारण थांबून त्याचा काहीच फायदा नसतो. एवढं कळलं तरी निम्मे संवाद उलगडतात.

एक घोटाळा टाळा. जपानमध्ये पूर्वी स्ट्राइक आधी मोजायचे, 2010 च्या सुमारास क्रम बदलून बॉल आधी आला. त्यामुळे 'टच'सारख्या जुन्या मालिकेत फलकावर एस सगळ्यात वर असतो आणि 'टू-थ्री' म्हणजे दोन स्ट्राइक, तीन बॉल. नव्या मालिकेत तोच काउंट 'थ्री-टू' होतो.

पाठीवरचे आकडेही वाचा. हायस्कूलमध्ये अंक जागेनुसार मिळतात: 1 पिचर, 2 कॅचर (प्लेटमागे बसून बॉल झेलणारा), 3 पहिला बेस, 4 दुसरा, 5 तिसरा, 6 शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला), 7-8-9 अनुक्रमे डावं, मधलं आणि उजवं आउटफील्ड (बेसच्या पलीकडचं मैदान). दहापासून पुढचे राखीव. म्हणूनच 1 नंबरसाठी दोन पिचर वर्षभर झुरतात आणि 18 नंबर मिळालेला मुलगा हसत हसत आत मोडून पडतो. 'डायमंड नो एस' मालिकेतल्या सेइदो शाळेत शंभराच्या आसपास मुलं आहेत आणि प्रांतस्पर्धेच्या यादीत जागा फक्त 20. यादी वाचून दाखवण्याचा तो प्रसंग कित्येक सामन्यांपेक्षा जड आहे.

क्रिकेटची सवय कुठे आड येते

तीन ठिकाणी. पहिलं, बंट. पहिल्या बेसवर रनर, कोणीही बाद नाही, आणि चांगला फलंदाज बॅट आडवी धरून बॉल नुसता समोर पाडतो आणि स्वतः बाद होतो. क्रिकेटवाल्याला हे विकेट फेकणं वाटतं. पण रनर दुसऱ्या बेसवर पोचला की आउटफील्डमधल्या एका फटक्यावर धाव येऊ शकते, शिवाय दोघे एकदम बाद होण्याचा धोका टळतो. बाद पद्धतीत एका धावेला सोन्याचं मोल, म्हणून जपानी हायस्कूलमध्ये हे रोजचं काम. याचा धाडसी भाऊ म्हणजे स्क्वीझ: तिसऱ्या बेसवरचा रनर बॉल सुटताच घराकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतो आणि फलंदाज काहीही करून बॉलला बॅट लावतो. कॅचरने हे आधीच ओळखून बॉल लांब बाहेर मागवला तर रनर मधल्यामध्ये अडकतो. बाकावर प्रशिक्षक टोपी, कान, छाती यांना हात लावत असेल तर तो याच खुणा देतोय. पडद्यावर ते दोनच सेकंद दिसतं, चुकवू नका.

दुसरं, अंतर. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर, इथे पिचरच्या पाट्यापासून प्लेटपर्यंत 18.44 मीटर. बॉल टप्पा घेत नाही, जे काही वळायचं ते हवेत. ताशी 150 किलोमीटर हे हायस्कूल पिचरचं स्वप्न, आणि तो बॉल पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. बघून ठरवायला वेळच नसल्याने फलंदाजाला आधीच अंदाज बांधावा लागतो. लांबलचक स्वगतं येतात ती इथून. खऱ्या सामन्यातही दोन बॉलच्या मध्ये पंधरा-वीस सेकंद जातात. ॲनिमे त्या सेकंदांत शिरून बसतो, एवढंच.

तिसरं, शेवट. कधी सामना पाचव्या इनिंगलाच संपतो, फलकावर चार रकाने रिकामे. चूक नव्हे: प्रांतस्पर्धेत पाच इनिंगनंतर 10 किंवा सातनंतर 7 धावांची आघाडी असली की सामना थांबवतात.

पहिली मालिका: बॅटरी समजून घ्यायला

सुरुवात 'ओकिकु फुरिकाबुत्ते'ने करा. 2007 चा पहिला सीझन 25 भागांचा (त्यावर एक जादा भाग आहे), 2010 चा दुसरा 13 भागांचा. सायतामा प्रांतातली निशिउरा शाळा, संघात जेमतेम दहा मुलं आणि सगळी पहिल्या वर्षाची. प्रशिक्षक मोमोए मारिआ ही बाई, आणि ती भलती कडक. पिचर मिहाशी रेन भित्रा, सतत डोळ्यांत पाणी. आधीच्या शाळेत आपल्याला पिचरची जागा मिळाली ती आजोबांच्या वशिल्याने, ही सल घेऊन तो नव्या शाळेत आला आहे. त्याच्याकडे वेग नाही, पण स्ट्राइकचा पट्टा नऊ चौकोनांत विभागला तर हव्या त्या चौकोनात बॉल टाकण्याची अचूकता आहे. कॅचर आबे ताकायाला हे पहिल्या भागातच कळतं.

पिचर-कॅचरच्या जोडीला बॅटरी म्हणतात, आणि ही मालिका म्हणजे बॅटरीचा अभ्यासवर्गच. तो असा करा. आबेच्या बोटांची खूण दिसली की थांबवा. काउंट बघा. कॅचरचा ग्लोव्ह कुठे धरलाय ते बघा: आत की बाहेर, वर की खाली. मग पुढचा बॉल कोणता असेल ते मनाशी ठरवा आणि चालू करा. पहिल्या दोन सामन्यांत अंदाज बहुतेक चुकतील. त्यानंतर क्रम दिसायला लागतो: आधी आत, छातीजवळ टाकून फलंदाजाला मागे ढकलायचं, मग बाहेर खालच्या कोपऱ्यात टाकायचं, तिथे त्याची बॅट पोचत नाही. संथ बॉलसुद्धा वेगवान कसा भासतो, तेही इथेच कळतं: त्याआधी आणखी संथ वळणारा बॉल टाकलेला असतो.

सीझनचा फार मोठा हिस्सा तोसेइविरुद्धच्या एकाच सामन्यात जातो. आदल्या वर्षी कोशिएनला गेलेला संघ, तिसऱ्या वर्षाची मुलं, समोर सगळी कच्ची पोरं. पाहणारे बहुधा इथेच सोडून देतात. रोज दोन भाग, आणि शक्यतो इनिंग अर्धवट ठेवून उठू नका. शेजारी कागदावर नऊ रकान्यांचा फलक आखा आणि दर इनिंगच्या धावा, बाद झालेले रनर भरत जा. दुसऱ्या दिवशी परत बसताना दोन मिनिटांत संदर्भ लागतो.

मग स्वभावाप्रमाणे

घर, शेजार, न बोललेलं प्रेम हे आवडत असेल तर आदाची मित्सुरु यांच्याकडे वळा. 'क्रॉस गेम', 2009-10, 50 भाग. पहिला भाग स्वतंत्र कथेसारखा बघा आणि त्याआधी मालिकेबद्दल काहीही वाचू नका, गोषवाराही नको. हीच ताकीद 'टच'ला दुप्पट लागू: 1985-87, 101 भाग, जुळे भाऊ तात्सुया आणि काझुया, शेजारची मिनामी. जपानमध्ये कथा इतकी माहीत आहे की कुठेही शोधलंत तर पहिल्याच ओळीत रहस्य फुटतं. आदाचींच्या चेहऱ्यांचा घोळ होतो, नायक सगळे सख्खे भाऊ वाटतात. केसांची ठेवण आणि पाठीवरचा आकडा यांवर भिस्त ठेवा. त्यांच्या सामन्यात निर्णायक फटका कधी कधी दाखवतच नाहीत, गर्दीचा चेहरा किंवा रेडिओ ऐकणारं दुकान दाखवतात. ज्यांना चेंडूगणिक डावपेच हवेत त्यांची इथे चिडचिड होईल. आमच्या मते मात्र बेसबॉल न कळणाऱ्या घरच्या माणसांसोबत बघायला 'क्रॉस गेम'सारखी दुसरी मालिका नाही.

याच मालिकेत आओबा ही मुलगी नायकापेक्षा सरस पिचर असूनही अधिकृत सामन्यात उतरू शकत नाही. हा कथेचा सोयीचा पेच नाही, मुलांच्या अधिकृत हायस्कूल स्पर्धेत मुलींना खेळता येत नाही. त्यांची स्पर्धा वेगळी आहे आणि तिचा अंतिम सामना 2021 पासून कोशिएन मैदानावर होतो.

'डायमंड नो एस' मोठ्या भुकेसाठी: 75, 51 आणि 52 भागांचे तीन टप्पे, 2013 ते 2020. डावखुरा सावामुरा एइजुन खेड्यातून पश्चिम तोक्योच्या बलाढ्य शाळेत येतो. त्याचा बॉल शेवटच्या क्षणी जरासा सरकतो, बॅटच्या मधोमध बसत नाही आणि जमिनीवरून लोळत जातो. समोर निव्वळ वेगाचा फुरुया, आणि दोघांच्या मध्ये कॅचर मियुकी. ही पहिली मालिका म्हणून लावू नका. सावामुराचा आरडाओरडा पहिल्या दहा भागांत डोकं उठवतो, आणि त्याच्या बॉलचं वेगळेपण कळायला काउंट वाचता यावा लागतो.

'मेजर' उत्तम आहे, पण ती नायक लहान पोर असल्यापासून सुरू होते आणि हायस्कूल बऱ्याच उशिरा येतं. 'वन आउट्स' व्यावसायिक संघाची आणि जुगाराची गोष्ट, तिच्यात कोशिएन शोधू नका.

इतिहासात डोकवायचं असेल तर 1968 ची 'क्योजिन नो होशी' आहे. मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचं यंत्र बांधून त्याला पिचर घडवणारा बाप तिच्यात आहे. तिच्यावरून 2012 मध्ये भारतात 'सूरज: द रायझिंग स्टार' आली, बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि तोक्योच्या जागी मुंबई. कलर्स वाहिनीवर लागायची. जिद्द, अश्रू आणि अशक्य बॉल हा त्या काळचा साचा होता. 1970 च्या दशकात 'दोकाबेन'ने कॅचरला नायक केलं आणि खेळ जमिनीवर आणला, आदाचींनी घाम पुसून त्यात विनोद आणि शांतता आणली, आणि 'ओकिकु फुरिकाबुत्ते'ने डोक्यातल्या विचारांना जागा दिली.

नियम बदलले, मालिका जुन्या राहिल्या

मालिकेचं साल बघून नियम गृहीत धरा. पूर्वी बरोबरी झाली की खेळ लांबतच जायचा. 1998 मध्ये योकोहामा शाळेचा पिचर मात्सुझाका दाइसुके याने 17 इनिंगच्या एका सामन्यात 250 बॉल टाकले, तेव्हा त्याला पराक्रम म्हणत. 2018 पासून टायब्रेक आला आणि 2023 पासून तो दहाव्या इनिंगलाच लागतो: कोणी बाद नसताना पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आयते रनर. 2020 पासून एका पिचरला आठवड्यात 500 च्या वर बॉल टाकता येत नाहीत. कोशिएनला संघात 18 खेळाडू असत, 2023 पासून 20. धातूची बॅट 1974 ला आली, पण 2024 पासून कमी उसळीची सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या मालिकांतला होमरनचा (थेट कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्यांचा) पाऊस आता खऱ्या स्पर्धेत दिसत नाही.

दुखरा खांदा लपवून खेळणाऱ्या पिचरला मालिका सहसा वीर करतात. तिथे संगीताच्या आहारी जाऊ नका. 500 ची मर्यादा कशामुळे आली ते अशा प्रसंगांतून नेमकं दिसतं. ज्येष्ठांपुढे कमरेत वाकणं, सगळ्यांनी डोकं भादरणं हेही अटळ नाही. 2023 ला केइओ शाळेने लांब केस राखून स्पर्धा जिंकली, 1916 नंतर प्रथमच.

मैदानाच्या काही खुणा माहीत असल्या की शेवटचे भाग जास्त भिडतात. कोशिएनचं इनफील्ड (बेसच्या आसपासचा आतला भाग) काळ्या मातीचं आहे, हरलेली मुलं ती माती पिशवीत भरून नेतात. सामना सुरू होताना आणि संपताना सायरन वाजतो आणि जिंकलेल्या शाळेचं गीत मैदानावर होतं. समुद्राकडून येणारा वारा उजवीकडून डावीकडे वाहतो, त्यामुळे डावखुऱ्या फलंदाजाचा उजव्या बाजूचा उंच फटका अडकतो. शाळांचे वाद्यवृंद बसतात त्या इनफील्ड-आउटफील्डच्या मधल्या सज्जांना आल्प्स म्हणतात. मालिकेत 'आल्प्सवरून आवाज येतोय' म्हटलं तर डोंगर शोधू नका.

खरी स्पर्धा ऑगस्टमध्ये गाठायची असेल तर वेळेत साडेतीन तासांचा फरक धरा. सकाळी आठचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, पण चार सामन्यांच्या दिवशी शेवटचा सामना आपल्या दुपारी पडतो. नोकरदारांनी तोच धरावा.